गॅट्सबी वाचून काहीच वाटलं नाही? मग एकदा पैशाचा माग काढत वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही मूळचे दापोलीकडचे, आता ठाण्यात नोकरी, सगळे डोक्यावर घेतात म्हणून 'द ग्रेट गॅट्सबी' वाचलीत आणि संपल्यावर वाटलं की यात आहे काय. एक श्रीमंत माणूस पार्ट्या देतो, जुनी प्रेयसी दुसऱ्याची बायको झालेली, भेट होते, घोळ होतो, माणूस मरतो. आपल्यालाच कळली नाही की पुस्तक उगाच मोठं केलंय, आणि पैसा, हातचं गेलेलं प्रेम, भ्रमनिरास या विषयावरच्या जुन्या कादंबऱ्यांतल्या खरंच वाचाव्यात अशा कुठल्या, असं तुम्ही विचारलंय. शर्टांचा प्रसंग कंटाळवाणा वाटला, इंग्रजी मध्यम आहे आणि रडकी पुस्तकं नकोत, हेही सांगितलंय.

मी रत्नागिरीत बरीच वर्षं कॉलेजला इंग्रजी कादंबरी शिकवली आणि आता आमचा एक वाचनाचा गट आहे, त्यात रिटायर्ड बँकवाले, शिक्षिका, एक आंबा बागायतदार आणि कॉलेजची दोनतीन मुलं असतात. तुमचाच प्रश्न मी वर्गात आणि गटात इतक्यांदा ऐकलाय की उत्तर जरा लांबणार आहे. आणि मला या पुस्तकांबद्दल मनापासून वाटतं, म्हणूनही लांबणार आहे. शेवट उघड करून बोलणार आहे, कारण शेवट लपवून या कादंबऱ्यांबद्दल काही कामाचं बोलताच येत नाही.

पहिलं म्हणजे तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही ती प्रेमकथा म्हणून वाचलीत, आणि प्रेमकथा म्हणून ती खरंच पातळ आहे. त्या जुन्या प्रेयसीत, डेझीमध्ये, असं आहे तरी काय की कोणी पाच वर्षं झुरावं, हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारायचंच आणि तो बरोबरच आहे. पण या जातीच्या कादंबऱ्यांत प्रेम आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी नसतातच मुळी. माझं मत असं झालंय की एकच प्रश्न धरून वाचत जावं, या माणसाकडे पैसा आला कुठून? आणि ते उत्तर कुठल्या पानावर, कोणासमोर बाहेर पडतं तिथे बोट ठेवावं, कारण भ्रमनिरास बहुतेक वेळा तिथेच होतो.

आता हे थोडं वाचणाऱ्यावरही आहे. वय किती, घरातून कोणी पैशासाठी बाहेर पडलंय का, आपण कुणाची वाट बघितलीय का, इंग्रजीचा सराव किती, हे सगळं आलं. विशीत ही पुस्तकं वेगळी लागतात आणि पन्नाशीत वेगळी. तेव्हा मी सांगते ते तुम्हाला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही.

गॅट्सबीपासूनच सुरू करू. पुस्तक आलं एप्रिल 1925मध्ये आणि गोष्ट घडते 1922च्या उन्हाळ्यात. अमेरिकेत 1920पासून 1933पर्यंत देशभर दारूबंदी होती, हे डोक्यात नसेल तर अर्धं पुस्तक हातातून निसटतं, कारण गॅट्सबीच्या घरी दर शनिवार-रविवार दारू वाहते आणि ती कायद्याने विकायलाच बंदी आहे! लेखक फिट्झगेरल्ड हे समजावून सांगत बसत नाही, त्याच्या वाचकाला सांगायची गरजच नव्हती. आपल्याकडे 1949चा मुंबई दारूबंदी कायदा आला त्यानंतर हातभट्टीवर कोणाकोणाची घरं उभी राहिली ते आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला कोणी शिकवावं लागलं नाही, तसंच ते. गॅट्सबी आपल्या पैशाबद्दल दर वेळी वेगळं सांगतो, कधी घरचा वारसा, कधी औषधांच्या दुकानांचा धंदा, कधी तेल. खरा माग असा की नॉर्थ डकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा जेम्स गॅट्झ, सतराव्या वर्षी स्वतःच स्वतःचं नाव बदलतो, डॅन कोडी नावाच्या धनिकाच्या बोटीवर कामाला राहतो, कोडी मरताना त्याच्या नावाने 25,000 डॉलर ठेवतो आणि ते त्याला मिळत नाहीत. मग सैन्यात, आणि 1917ला लुईव्हिल गावात अंगावर ऑफिसरचा गणवेश असताना डेझीची भेट. त्या गणवेशाने त्याची गरिबी झाकलीय, नाहीतर त्या घराच्या पायरीवर त्याला कोणी उभं केलं नसतं. म्हणजे या प्रेमाची सुरुवातच एका लपवाछपवीत आहे, आणि हे लेखक स्वच्छ सांगतो, आपणच घाईत पुढे जातो.

मग डेझीकडे बघा. लग्नाच्या आदल्या दिवशी तिचा होणारा नवरा टॉम तिला साडेतीन लाख डॉलरचा मोत्यांचा सर देतो. गोष्ट सांगणारा निक गॅट्सबीच्या शेजारी ज्या घरात भाड्याने राहतोय त्याचं भाडं महिन्याला 80 डॉलर आहे, ते पहिल्याच प्रकरणात आलंय. हिशोब केलात तर त्या एका सरात निकचं साडेतीनशेहून जास्त वर्षांचं भाडं बसतं. त्याच संध्याकाळी डेझीला एक पत्र येतं, ती पहिल्यांदाच दारू पिते, मोती परत करा म्हणून रडते, तिला थंड पाण्याच्या टबात बसवतात तरी पत्र हातातून सोडत नाही, मुठीत दाबून त्याचा ओला गोळा होतो आणि शेवटी त्याचे तुकडे व्हायला लागतात तेव्हाच ते साबणाच्या ताटलीत ठेवू देते. अर्ध्या तासाने मोत्यांचा सर गळ्यात आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता लग्न. पत्र कोणाचं होतं ते सांगितलेलंच नाही, सांगायची गरजही नाही. हा प्रसंग पुस्तकात जेमतेम पान-दोन पानं आहे आणि माझ्या मते सगळी कादंबरी तेवढ्यात आहे.

आणि तुम्हाला कंटाळवाणा वाटलेला तो शर्टांचा प्रसंग, पाचवं प्रकरण. गॅट्सबी कपाटातून शर्ट काढून टेबलावर फेकत जातो, लिननचे, रेशमाचे, फ्लॅनेलचे, पोवळ्याच्या रंगाचे, हिरवे, फिकट जांभळे, आणि डेझी त्या ढिगात तोंड खुपसून रडते की इतके सुंदर शर्ट मी कधी पाहिले नाहीत. मुलं हसायची इथे. मी विचारायची, ती दुसरं काय म्हणू शकते ते सांगा. नवरा आहे, मुलगी आहे, हा समोर उभा आहे, शेजारी निक उभा आहे, आणि पाच वर्षांपूर्वी ज्याच्याकडे काही नव्हतं म्हणून जे झालं नाही ते सगळं आता कापडाच्या ढिगात समोर पडलंय. शर्टांवर रडणं एवढंच तिच्या हातात आहे. काहींना ती इथे फक्त लोभी वाटते, तसंही वाचता येतं, मी भांडणार नाही.

आता सातवं प्रकरण, प्लाझा हॉटेलची खोली, प्रचंड उकाडा. गॅट्सबीला डेझी परत मिळाल्यातच जमा आहे, पण तेवढ्यावर त्याचं भागत नाही, त्याला तिच्या तोंडून हवंय की टॉमवर माझं कधीच प्रेम नव्हतं. 'कधीच' हा त्याचा हट्ट आहे, मधली पाच वर्षं झालीच नाहीत असं त्याला करून हवंय. ती प्रयत्न करते, आणि मग म्हणते की एकेकाळी त्याच्यावरही प्रेम होतं, पण तुझ्यावरही होतं. 'तुझ्यावरही' हे ऐकून गॅट्सबी हबकतो. आणि लगेच टॉम दुसरा पत्ता टाकतो, औषधांच्या दुकानांतून चोरून दारू विकून हा माणूस मोठा झालाय. बस्स, इथून पुढे गॅट्सबी खुलासे करत राहतो आणि प्रत्येक शब्दागणिक डेझी आणखी आणखी आत ओढली जाते. बघा, पैशाचं मूळ उघडं पडतं आणि प्रेम सुटतं, एकाच खोलीत, पाचदहा मिनिटांच्या अंतराने. टॉमचा पैसा कुठून आला असं त्या खोलीत कोणी विचारत नाही, कारण तो वडिलोपार्जित आहे. राग यायला हवा तो इथे यायला हवा.

पुस्तक उगाच मोठं केलंय का याचं उत्तरही इथेच देते. ते आलं तेव्हा लेखकाच्या आधीच्या कादंबऱ्यांइतकंही खपलं नाही. फिट्झगेरल्ड 1940ला वयाच्या 44व्या वर्षी गेला तेव्हा दुसऱ्या छपाईच्या प्रती अजून पडून होत्या. मग दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना खिशात मावतील अशा फुकट आवृत्त्या वाटल्या गेल्या, त्यात या पुस्तकाच्याही दीड लाखाच्या आसपास प्रती गेल्या, आणि त्यानंतर ते वर आलं. म्हणजे गाजावाजा नंतरचा, आधी ते घरापासून लांब असलेल्या साध्या वाचकांच्या हातात गेलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

पण तुम्हाला एकच दुसरी कादंबरी सुचवायची तर मी डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' सांगेन, आणि कोकणातल्या माणसाला तर नक्कीच. 1860-61मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आलेली. पिप नावाचा अनाथ पोरगा, बहिणीचा नवरा ज्यो लोहार आहे, त्यानेच याला जीव लावून वाढवलंय. मग कोणा गुप्त माणसाचा पैसा येतो, पिप लंडनला जातो, साहेब होतो. पैसा गावाकडच्या श्रीमंत मिस हॅविशॅमचा आहे आणि तिने वाढवलेली एस्टेला आपल्यासाठीच राखून ठेवलीय असं तो धरून चालतो.

सत्ताविसावं प्रकरण वाचा. ज्यो लंडनला पिपला भेटायला येतोय असं पत्र येतं, आणि पिप सरळ कबूल करतो की पैसे देऊन त्याला लांब ठेवता आलं असतं तर मी दिले असते. ज्यो येतो, अंगात ठेवणीतले अडचणीचे कपडे, हातात हॅट. ती कुठे ठेवावी कळत नाही. शेवटी शेकोटीवरच्या फळीच्या कोपऱ्यावर ठेवतो आणि ती पडत राहते, हा धावत जाऊन झेलतो, परत ठेवतो, परत पडते, शेवटी खरकट्या पाण्याच्या भांड्यात जाते. मधेच पिपला 'पिप' म्हणतो आणि मधेच 'सर'. वाचताना आधी हसू येतं आणि मग येईनासं होतं. निघताना ज्यो म्हणतो की या कपड्यांत मी चुकीचा आहे, भट्टीबाहेर मी चुकीचा आहे, आपण दोघं लंडनमध्ये एकत्र बसायची माणसं नव्हेत. दोष देत नाही, रागावत नाही. आणि तो आलाय कशासाठी? एस्टेला घरी आलीय आणि तुला भेटायचं म्हणते, एवढा निरोप द्यायला. पिप लगेच गावी जातो, पण ज्योकडे उतरत नाही, खाणावळीत उतरतो आणि वाटेत त्याची कारणं स्वतःलाच पटवत जातो.

हे आमच्या गटात वाचलं त्या दिवशी बराच वेळ कोणी बोलेना. मग बँकेतून रिटायर झालेले एक काका म्हणाले की नवीन नोकरीत असताना त्यांचे वडील गावाहून न सांगता दादरच्या ब्रँचमध्ये आले होते, धोतर, डोक्यावर टोपी, हातात आमसुलांची पिशवी, आणि यांनी कोणाशी ओळख न करून देता त्यांना खाली कँटीनला नेऊन बसवलं. वडिलांनी चहा घेतला, पिशवी दिली आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेले. कधी त्याबद्दल बोलले नाहीत. काकांनी हे घरीही कोणाला सांगितलं नव्हतं म्हणे. मनीऑर्डरवर जगलेल्या आपल्या गावांत हे प्रकरण कोणाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून मी ही कादंबरी आधी वाचा म्हणते.

मग एकोणचाळिसावं प्रकरण. पिप तेवीस वर्षांचा, वादळाची रात्र, जिन्यावर पावलं. लहानपणी दलदलीत ज्या पळालेल्या कैद्याला त्याने घाबरत खायला दिलं होतं तो मॅगविच दारात उभा, आणि पैसा त्याचा निघतो, ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर पाठवलेल्या माणसाने मेंढ्या पाळून कमावलेला. पिपला आधी किळस येते. आणि त्याच रात्री त्याला कळतं की एस्टेला त्याच्यासाठी ठेवलेली कधी नव्हतीच, आणि अशा पैशापायी आपण ज्योला सोडलं. परत तेच बघा, पैशाचं मूळ आणि प्रेमाचा शेवट एकाच रात्रीत. फरक इतकाच की गॅट्सबीला त्यानंतर काही शिकायला वेळ मिळत नाही आणि पिपला मिळतो, तो त्या कैद्यावर जीव लावायला शिकतो. पुढे पिप कर्जापायी अटकेच्या दारात आजारी पडतो तेव्हा ज्यो येऊन सेवा करतो, आणि बरा झाल्यावर पहाटे निघून जातो, मागे चिठ्ठी आणि कर्ज फेडल्याची पावती. या पुस्तकाला दोन शेवट आहेत, मूळचा कडू होता, बुलवर-लिटन या लेखकमित्राच्या सांगण्यावरून डिकन्सने बदलला. चांगल्या आवृत्तीत दोन्ही असतात, दोन्ही वाचा. मला जुना जास्त खरा वाटतो.

बाकीच्यांबद्दल भरभर सांगते. फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी' लोक प्रेमप्रकरणांसाठी वाचतात, पण नायिका एमाला मारतो तो लरो नावाचा कापडवाला, गोड बोलून उधारी वाढवत नेणारा. हुंड्या वटायची वेळ येते तेव्हा ती जुन्या प्रियकरांकडे जाते आणि एकाकडेही पैसे निघत नाहीत. त्याचीच 1869ची 'सेंटिमेंटल एज्युकेशन' जरा संथ आहे, पण तिच्या शेवटाकडचा एक प्रसंग मी विसरूच शकत नाही, नायकाने आयुष्यभर जिच्यावर जीव टाकला ती मादाम आर्नू 1867च्या मार्चमध्ये संध्याकाळी अचानक येते, येताना स्वतः भरतकाम केलेल्या बटव्यात जुन्या कर्जाचे पैसे घेऊन येते, आणि टोपी काढल्यावर दिव्याच्या उजेडात तिचे पांढरे केस दिसतात. बाल्झाकची 'लॉस्ट इल्युजन्स' सगळ्यांत जाडी. गावाकडचा कवी पॅरिसला जाऊन मोठा व्हायला बघतो आणि शेवटी बहिणीच्या नवऱ्याच्या, एका साध्या छापखानेवाल्याच्या, खोट्या सह्या हुंड्यांवर करतो. बाल्झाक स्वतः छापखान्याच्या धंद्यात बुडाला होता, त्यामुळे त्यातली कागदाची, कर्जाची आणि व्याजाची पानं इतकी खरी आहेत की कंटाळा येत असेल तरी ती गाळू नका.

माझं म्हणणं सगळीकडे बसतं असं नाही, हेही सांगायला हवं. 'वुदरिंग हाइट्स'मध्ये नायक हीथक्लिफ तीन वर्षं गायब होतो आणि पैसेवाला होऊन येतो, तो पैसा कुठून आला हे एमिली ब्राँटे शेवटपर्यंत सांगत नाही. म्हणून असेल, तिथे भ्रमनिरास नाही, सूड आहे. आणि जेन ऑस्टिनची 'पर्सुएशन' तर उलटीच. गरीब आहे म्हणून नाकारलेला नौदलातला तरुण आठ वर्षांनी 25,000 पौंड कमावून येतो आणि प्रेम परत जुळतं. तुम्ही रडकी नकोत म्हणालात ना, मग ही घ्या. पण त्या आठ वर्षांत त्याला नाकारणाऱ्या ॲनचं जे गेलं ते परत आलं का, हे वाचून झाल्यावर बघा.

आणि परदेशात जायच्या आधी स्वतःच्या तालुक्यात बघा की! श्री. ना. पेंडसे तुमच्याच दापोलीतल्या मुर्डीचे. 'गारंबीचा बापू' 1952ची, गावाने ओवाळून टाकलेला पोरगा त्याच गावात पैसा आणि मान उभा करतो, आणि राधेशी असलेलं त्याचं नातं गावाला पचत नाही. गॅट्सबीनंतर लगेच ती वाचली तर कळेल की बापूला कोणाकडून काही वदवून घ्यायचं नाही, आणि तिथेच तो गॅट्सबीपेक्षा मोकळा आहे. 1987ची 'तुंबाडचे खोत' दोन खंडांची, जगबुडी नदीच्या काठावरच्या खोत घराण्याच्या चार पिढ्या. तिथे पैशाचं मूळ म्हणजे जमीन आणि ती कसणारी कुळं, आणि खोती रद्द करणारा 1949चा कायदा आपल्याला माहीत असल्यामुळे वाड्यातला प्रत्येक थाट वाचताना पुढचं आधीच दिसत राहतं. फक्त हातचं गेलेलं प्रेम हवं असेल, पैसा बाजूला ठेवून, तर विश्राम बेडेकरांची 'रणांगण', 1939ची, छोटीशी. बोटीवर भेटलेले चक्रधर आणि हॅर्टा. एका दिवसात वाचून होते आणि नंतर बरेच दिवस डोक्यातून जात नाही.

आता तुमच्यासाठी क्रम. इंग्रजी मध्यम आहे म्हणालात, तर गॅट्सबी आकाराने लहान असली तरी वाक्यं दाट आहेत, डिकन्स लांब आहे पण गोष्ट पुढे ओढत नेतो. म्हणून आधी 'गारंबीचा बापू', मग 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स', आणि ती मूळ वाचकांनी वाचली तशी आठवड्याला एकदोन प्रकरणं, ठाणे लोकलमध्ये वाचलीत तरी चालेल. ऐकायची असेल तर लिब्रिव्हॉक्सवर फुकट आहे. संक्षिप्त शालेय आवृत्ती घेऊ नका, त्यात नेमकी ज्योची हॅट गाळलेली असते. त्यानंतर 'पर्सुएशन', आणि मग गॅट्सबी परत, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ती कायदेशीर फुकट मिळते. परत वाचताना शेवटच्या प्रकरणात गॅट्सबीचा बाप येतो तिथे थांबा. जिथे शेकडो लोक फुकट जेवले-प्याले तिथून अंत्ययात्रेला जवळपास कोणी येत नाही, पण हा म्हातारा मिनेसोटातल्या एका गावाहून येतो, आणि खिशातून मुलाचं लहानपणीचं एक फाटकं पुस्तक काढून त्याच्या मागच्या पानावर 1906ला लिहिलेलं वेळापत्रक दाखवतो, सकाळी उठायची वेळ, व्यायाम, अभ्यास, पैसे वाचवणं, आईवडिलांशी नीट वागणं. त्या यादीत डेझी नाही, ती अजून भेटायचीच आहे. ते पान वाचून झालं की मला कळवा, गॅट्सबीला नक्की कोण हवं होतं याबद्दल तुमचं मत तोवर बदललंय का ते मला खरंच ऐकायचंय.